खाऱ्या पाण्याची खोली

बादलीत मीठ ढवळते, लिटरला पस्तीस ग्रॅम.
बाहेर जळगाव पंचेचाळिसावर; लाइट दोनदा गेली.
तापी जिथं संपते तिथलं हे पिल्लू,
तीन दिवसांचं, आरपार.

शेपटीला सुईचं टोक लावलं.
भिंगाखाली पांढऱ्या पेशी निघाल्या,
कुणी न शिकवता,
रक्ताची वाट सोडून आडरानातून.
मी वेळा लिहीत गेले: चार मिनिटं, अकरा, वीस.
एक पेशी पोट भरून तिथंच बसली.

टाकी उचलताना सोनजी मामांचं बोट कापलं.
मी पट्टी शोधू लागले.
"ऱ्हाऊ दे व माय," मामा म्हणाले,
"आपोआप भरी येई."
आणि वाकून फरशीवरचा थेंब पुसू लागले.

मी घड्याळ पाहिलं.
चार मिनिटं अजून व्हायची होती.