तुरळक ठिकाणी

पहाटे साडेपाचला सांताक्रूझच्या गच्चीवरून
तावडेंनी फुगा सोडला.
वीस वर्षं सोडतायत, तरी दर वेळी
दोरी सुटल्यावर त्यांचा हात
थोडा वेळ तसाच वर राहतो.

फुगा चढला, आकडे यायला लागले.
खाली समुद्राची ओल, चिकट, गळ्यापर्यंत.
दीड किलोमीटरवर कोरडी ऊब,
घट्ट बसलेल्या झाकणासारखी.
झाकण टिकलं तर नुसता घाम.
निघालं तर

मी लिहिलं: मुंबई, ठाणे. तुरळक ठिकाणी मेघगर्जना,
विजा, ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटरचे वारे.
रंग पिवळा.
तुरळक ठिकाणी. इतक्यांदा लिहिलंय
की आता ते गावाचं नाव वाटतं,
मुरबाडच्या पुढे कुठंतरी,
एसटीचा विनंती थांबा असलेलं.

अकराला मढहून गुणाबाय भांजींचा फोन.
नंबर कुणी दिला कोण जाणे, तिसरा उन्हाळा हा.
"बोंबील वलांडीवर हायत. काढू का र्‍हाऊ देऊ?"
शक्यता चाळीस टक्के, मी म्हणालो.
"म्हंजे दहा काठ्यांतल्या चार काढू?"

मी हसलो नाही. त्याही नाही.

दोन वाजता रडारवर मुरबाडच्या अंगाला एक ठिपका.
अडीचला त्याला शेजार मिळाला.
तीनला मधोमध लाल, आणि वरचा वारा पूर्वेचा,
सगळं आमच्याकडे ढकलणारा.
मी पिवळ्याचा नारिंगी केला.
मग नियमात न बसणारी गोष्ट केली:
स्वतःहून मढला फोन लावला.
काढा, म्हणालो. सगळे.

दोन सुना, एक पुतण्या, शेजारची मुलं.
अर्धे ओले बोंबील ताडपत्रीखाली ढीग करून.

कल्याणपाशी ढग थबकला.
खाडीवरून आत शिरलेला गार वारा
त्याच्या पायाखाली गेला की काय झालं, अजून वाचतोय.
बदलापुरात लग्नाचा मांडव उडाला,
नवरदेवाचा मामा पत्र्याखाली सापडला, पाय गेला.
मढला संध्याकाळभर स्वच्छ, पिवळंधमक ऊन.

रात्री तपासणीची वही.
बदलापूर: इशारा होता, घडलं. बरोबर.
मढ: इशारा होता, घडलं नाही. चूक.
बरोबरच्या रकान्यात तो पाय मांडताना
पेन नीट चालेना.
बोंबलांना रकाना नव्हताच.

दुसर्‍या दिवशी अकराला फोन वाजला.
दोनदा वाजू दिला.
"ढीग घामेजला. अर्धा टाकला,"
त्यांनी सांगितलं, आमच्या बातमीपत्राच्याच सुरात.
"आज काय?"

आकडे पुन्हा पाहिले. आज तीस टक्के, म्हणालो.

"मंग तीन काठ्या काढते."

थट्टा होती की हिशेब, कळेना.
फोन ठेवल्यावर ध्यानात आलं,
कोणत्या तीन,
हे त्यांनी विचारलंच नाही.