ताप आला नाही

दोन वर्षं तोंड लाल व्हायचं.
सून म्हणायची, सावजीचा रस्सा.
डॉक्टर म्हणाले, पाळी जायचं वय.
आणि मे महिन्यात नागपुरात
कुणाचं तोंड लाल नसतं?

आता कौतिकाबाई हेडाऊंच्या लहान आतड्याचा तुकडा
धंतोलीच्या या तळघरात
माझ्या भिंगाखाली.
गाठीच्या पेशी नीटनेटक्या, गोल,
केंद्रकात मीठमिरी भुरभुरल्यागत.
एकीनंही आवाज चढवलेला नाही.

दुसऱ्या काचेवर टी-पेशी तपकिरी रंगवल्या.
सगळ्या कडेला.
लुगड्याचा काठ भरगच्च
आणि अंग कोरं.

बाई स्वतःच आल्या रिपोर्ट न्यायला,
टिमकीहून, रिक्षानं.
"लढाई झाली का जी आतमंदी?
मले तर ताप बी नाही आला एक दिवस."
नाही झाली.
"काहून?"

काहून ते कसं सांगू.
गाठ परकी बोली बोलत नाही, बाई.
आतड्याला रोज जातात तेच निरोप धाडते,
फक्त फार, आणि अवेळी.
जनुकांत चुका थोड्या,
म्हणून ओळख पटवायला खूण नाही.
ज्या भक्षक पेशी गिळायला आल्या
त्यांतल्या काही तिथंच राबायला लागल्या,
तिच्यासाठी रक्ताचे पाट खोदत.

हे मी अर्धंच बोलले.
त्या म्हणाल्या, "समजलं.
काल मारबत गेली ना,
'घेऊन जा गे मारबत' म्हणून एवढी बोंब.
आमच्या बोळीत येतच नाही ते.
बोळ अरुंद हाय.
आमची इडापिडा आमच्यातच रायते."

मग म्हणाल्या, दाखव.
चष्मा काढून भिंगाला डोळा लावला.
चाळीस वर्षं मागावर बसलेली बाई,
मान हलली नाही कितीतरी वेळ.
"काठ चांगला उतरला," म्हणाल्या,
"धोटा आत गेलाच नाही."

महिन्याला एक सुई, किती वर्षं?
मला माहीत नव्हतं.
ते मोठ्या डॉक्टरांना विचारा, म्हटलं,
आणि पावतीवर सही घेतली.

सही करता करता
गळ्यापासून कपाळापर्यंत
त्या लाल होत गेल्या.
बाहेर पाऊस थांबलेला, उकाडा नव्हता.
तरी मी टेबलफॅन
त्यांच्याकडे वळवला.