उसनी क्रियापदं

फेरो बेटांवरच्या आमच्या शाळेत मुलं नऊ,
आणि एक खिडकी, जी नीट लागत नाही.
मंगळवारी मी फळ्यावर लिहिलं: चेतनगुणोक्ती.
शब्द या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.
बियार्ता म्हणाली, बाई, हा तर आगबोटीएवढा आहे.

पुसला. सोपं करून सांगितलं:
ज्याच्यात जीव नाही त्याला
माणसाचं एक क्रियापद उसनं द्यायचं.
परत मिळेलच असं नाही.

ही खिडकी बघा. काय करते?
"करकरते."
ते तर ती करतेच. माणसासारखं काय करते?
बराच वेळ कुणी बोललं नाही. मग रानवा म्हणाली,
"वाऱ्याशी भांडते, रोज हरते,
तरी तोंड मिटत नाही."

मग मुलं थांबेनात.
धुकं चोरपावलांनी आलं आणि चर्च उचलून नेलं.
किटलीला आईचा राग आला.
छपरावरचं गवत मेंढी दिसली की अंग चोरतं.
बोगद्याने सकाळची बस गिळली –
हे जुनं झालं रे, मी म्हटलं, सगळेच बोगदे गिळतात.
"आमचा पलीकडे थुंकतो," श्यूरुर म्हणाला,
"त्याला बस आवडत नाही."

आणि मग मी ते केलं, जे करायला नको होतं.
सवयीने. वीस वर्षं हेच उदाहरण देत आलेय.
लिहिलं: समुद्र रागावला.
खडू उचलताना आठवलं,
तिसऱ्या बाकावर हेयिन आहे.
फेब्रुवारीतली ती बोट. बोटीवरचे तिघे.

डस्टरकडे हात गेला.
"राहू दे, बाई," तो म्हणाला. "पण ते चूक आहे.
समुद्र रागावत नाही.
रागवायला आधी ओळख लागते.
तो बाबांना ओळखत नव्हता.
बाबा त्याला ओळखायचे."

वर्गात कुणी हललं नाही. खिडकीनेसुद्धा श्वास रोखला –
नाही. खिडकी करकरतच होती.
मी खोटं लिहिणार होते.

त्याला काय सांगावं ते सुचलं नाही.
'रागावला' तेवढं पुसलं.
फळ्यावर समुद्र उरला,
नुसता,
क्रियापदाशिवाय.
मधल्या सुट्टीपर्यंत तो तसाच होता
आणि कुणी त्याच्यापुढे काही लिहिलं नाही.

घरचा अभ्यास दिला: आपल्या दाराजवळची एक वस्तू.
गुरुवारी वह्या आल्या.
श्यूरुरच्या सायकलला सर्दी झालेली.
रानवाच्या आजोबांचा स्वेटर कोपरांत थकलेला,
पण खुंटीवर ताठ, पाहुणे यायचेत म्हणून.
बियार्ताने दाराचं सोडून चंद्रावर लिहिलेलं, पान भरून.
हेयिनच्या दोनच ओळी, पेन्सिलीने:

बाबांचे रबरी बूट दाराशी उभे आहेत, चवडे बाहेरच्या बाजूला.
त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

'उभे' हा शब्द खोडून पुन्हा लिहिलेला होता.
दोनदा. त्याखाली काय होतं ते मी
दिव्याजवळ धरून बघितलं. वाचता आलं नाही.
शेरा काय लिहायचा? छान?
लाल पेनाला टोपण लावलं.
पेन गप्प झालं, असं म्हणता आलं असतं.
गप्प मी झाले होते.

शुक्रवारी सुतार आला,
खिडकीची चौकट तासली, नवी कडी ठोकली.
पहिल्या घावालाच रानवाने विचारलं, "दुखलं का तिला?"
तो हातोडी तशीच धरून माझ्याकडे बघू लागला.
मी काय सांगणार, मीच शिकवलेलं.

आता ती नीट लागते. आवाज नाही.
बियार्ता म्हणते, रुसलीय.
"नाही," हेयिन वहीतून मान वर न काढता म्हणाला,
"झोपलीय. किती दिवसांची जागी होती.
झोपू दे."