सात फेरे

सोलकरने सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर,
पुढचं चाक एका बोटाने ढकललं.
सात फेरे.
आठव्याच्या अर्ध्यावर ते जिथल्या तिथे थांबलं,
मागे झुललंसुद्धा नाही.
जुनं कसं, थांबताना पाळण्यासारखं मागेपुढे व्हायचं,
व्हॉल्व्ह खाली आला की मग निजायचं.

"वडाला घालतात तितकेच," मी म्हणालो.
"वडाला बाया फिरतात," तो म्हणाला. "वड नाय फिरत."

पाच हजार चारशे.
दोनशे सत्तर दिवस, रोज वीस रुपये.
नाटे ते आंबोळगड पिग्मी गोळा करतो मी,
त्यात एक पुस्तक माझंही:
रात्री जेवणाआधी स्वतःकडून घ्यायचे,
स्वतःला पावती फाडायची.
एकदा नव्हते, तर स्वतःलाच म्हणालो, उद्या नक्की हां.

जुनी चाकं यशवंतगडाच्या उतारावर गेली,
आऊट काढण्यापलीकडे.
आणि ही नवी. सोमवारपासून
कुणीतरी मागून कॅरिअर धरून चालल्यासारखी.
दोनदा उतरून पाहिलं, ब्रेक घासतोय का.
नाही.
टायरचे गुठळे डांबरावर गुणगुणतात,
मधमाश्यांचं पोळं घेऊन निघाल्यासारखे,
आणि उतारावरही पायडल मारावं लागतं.
मी पोचेपर्यंत डोर्लेकरीण लिलावाला गेलेली.
तीन दिवसांचे तिचे दीडशे राहिले.

सोलकरने जुन्या चाकाचा हब उघडला
आणि वर्तमानपत्रावर पालथा केला.
छर्रे घरंगळले, देवीचे वण असावेत तसे,
मागून तांबडी भुकटी,
जांभ्याची असेल, गंजाची असेल.
ग्रीसचा टिपूस नाही.
"ह्याच्यात काय उरलाच नव्हता अडवायला,
म्हणून पळत होता.
तू समजलास, गाडी हलकी हाय."

मग नव्याचा आस पुसून दाखवला:
काळ्या रबराची कड त्याला घट्ट धरून बसलेली,
खाडीचा खार आत जाऊ नये म्हणून.
आतलं ग्रीस
जानेवारीतल्या खोबरेलासारखं.
"आणि कोन बघ कसा आवळलाय कंपनीवाल्याने,
बायकोशी भांडून आला असेल."
पान्याने पाव फेरा सैल. ढकललं.
नऊ.

"दोनशे किलोमीटर जाऊ दे, रबर सोडेल जरा.
हवा भर. ह्यो टायर कातळाचा,
तू त्याला डांबरावरनं नेतोस
आणि वर विचारतोस, का रे बाबा कंटाळलास."

म्हणून आज वाट सोडली, सड्यावरून गेलो,
करवंदीच्या जाळ्यांमधून,
जिथे जुन्या चाकांना मी हाताने धरून न्यायचो
म्हाताऱ्या बैलासारखं.
सुट्या चिऱ्यांवर गुठळे चावले. धरलं.
वेग तोच, म्हणजे फारसा नाहीच,
पण कातळात खळगा आला तेव्हा
पोटात गोळा आला नाही, एवढं खरं.
जेट्टीवर पोचलो तर डोर्लेकरीण पाटी उचलत होती.

"नवी सायकल?"
"चाकं."
"मग उशीर कसा?"
तिला काय सांगणार, छर्रे, रबर, खोबरेल.
"नवी आहेत म्हणून," म्हणालो.
तिने मान डोलावली, जणू हे तिला माहीतच होतं,
थोरली सून घरात आली त्या वर्षापासून,
आणि दोनशेंच्या ओल्या नोटा
माझ्या कोरड्या पुस्तकावर ठेवल्या.

जुनं चाक सोलकरने दुकानाबाहेर खिळ्याला लावलंय.
खाडीवरून वारा आला की फिरतं,
वाकडंतिकडं, आवाज न करता,
दुपारभर.
जाता-येता बघतो. मोजत नाही मी आता.
म्हणजे, घरी नवं मोजलं काल रात्री,
बायको झोपल्यावर, पडवीत.
अकरा.