पडदा गप झाला

माझं काम तसं चिखलातलं.
बोअरमधून काढलेली साडेसातची मोटर
दोघांनी उचलून टेम्पोत टाकायची,
जळालेलं वाइंडिंग छिन्नीनं तोडायचं,
तांब्याचा करपट वास हाताला तसाच ठेवून जेवायचं.
यावल रोडला दुकान. विचारा कोणालाही,
पाणी थांबलं की माझं नाव आठवतं.

आणि वारकेबाई फोनवर म्हणतात,
भो, पडद्याची मोटर पाहून जा.

पडद्याला मोटर!
मी पान्हे घेतले,
मग पान्हे ठेवले, टेस्टर घेतला.

वैशाख. फैजपूर भट्टीतून काढल्यासारखं.
पश्चिमेची काच हाताला चटका देत होती,
पलीकडे केळीची पानं झळीनं चिरलेली,
आणि काचेवर तो पडदा, अर्ध्यावर,
पोस्टातल्या बाबूनं जेवणाच्या सुट्टीत
खिडकी ओढून घ्यावी तसा.

स्टुलावर चढलो. नळीतून मोटर ओढली.
अंगठ्याएवढी.
खरं सांगतो, लाज वाटली,
एवढ्याशा जिवाला मोटर म्हणावं की नाही.
कानाला लावली. कान हे माझं पहिलं मीटर.
आवाज ठीक. चार्जिंग भरलेलं.
नळीत काळ्या मातीची धूळ, ती पुसली;
टोकाला पालीची दोन अंडी, साखरफुटाण्यासारखी,
ती कुंडीत नेऊन ठेवली.
वरची हद्द, खालची हद्द पुन्हा शिकवली:
बटण दाबून धरलं की पडदा जरासा हलतो,
म्हणजे हो म्हणतो.
दहा वेळा वरखाली केला. अकराव्यांदा थांबला.
तापला होता. या उन्हात मीही थांबतो.
वीस मिनिटांनी निघाला आपला आपण.

झालं, मी म्हटलं.
नाई झालं, बाई म्हणाल्या.
रिमोटवर तर तो आधीपासूनच चालतो.
भो, हे बंद नाई पडलं. हे गप झालं.

मग सांगितलं, कपातल्या चहाकडे पाहत.
उन्मेष कॅनडात. बोलणं रविवारी,
तेही जेवलीस का, गोळी घेतली का, इथवर.
पण रोज रात्री साडेनऊला
हा पडदा हातभर वर जायचा
आणि परत खाली यायचा.
पहिल्या रात्री त्यांनी शेजारच्या धांडेंना उठवलं.
दुसऱ्या रात्री समजलं.
तिकडे तेव्हा दुपारच्या डब्याची सुट्टी असते.
मी त्याले विचारलं नाई, म्हणाल्या,
विचारलं तर लाजून बंद करीन तो.
आता नऊ दिवस झाले.

अशी तक्रार मी कधी वहीत लिहिली नव्हती.
फेज जातो, कपॅसिटर फुगतो, त्याला इलाज आहे.
मी खोलीत नुसता पाहत बसलो,
विहिरीत डोकावतो तसा.
टीव्हीच्या मागे एक पांढरी डबी,
साबणाच्या वडीएवढी, दिवा विझलेला.
तिची पिन काढून कोणी खाली टाकलेली,
पिनेच्या जागी डासांचं यंत्र.

बाई ओशाळल्या. मीच लावलं, डास फार व्हते.
कधी?
त्यांनी बोटं मोजली,
आणि नवव्या बोटावर थांबल्या.

म्हणजे तिकडे तो रोज बटण दाबतोय,
फोन त्याला सांगतोय, संपर्क नाही,
आणि त्यानंही विचारलं नाही.

मी एक जास्तीचा बोर्ड टाकला. डबी लागली, यंत्रही लागलं.
बोर्डाचे पन्नास घेतले, बाकी नको म्हटलं.
त्यांनी कळण्याचं पीठ दिलं पिशवीभर, ते घेतलं.

रात्री वार्निशचे हात रॉकेलनं धुतले.
बाईंचा बंगला दुकानातून दिसत नाही,
मधे दोन गल्ल्या आणि केळीचं गोदाम आहे.
घड्याळात साडेनऊ.
शटर खाली ओढलं होतं,
ते हातभर वर उचललं,
आणि परत खाली घेतलं.