शेरा

मांजरीच्या पुलाआधी डावीकडे वळलं
की नाक आधी पोचतं, मग आपण.
चनबस घट्टे यांचा गोठा. म्हशी एक्याऐंशी.
रेडकं मोजू देत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात.
मी रकान्यात लिहिते : अंदाजे वीस.

माझ्याकडे सरकारी टेप आहे,
पहिले चार इंच तुटलेले,
म्हणून प्रत्येक मापातून मी चार वजा करते.
शेणखड्ड्याची खोली. शेण कुठवर.
वर मोकळी जागा : अकरा इंच.
नियम म्हणतो, दोन फूट हवी,
पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी.
तो पाऊस जूनपासून तीनदा येऊन गेला.
तिसऱ्यांदा तर आठवडाही थांबला नाही,
विसरलेली छत्री न्यायला परत यावं तसा आला.

"बाई," घट्टे म्हणाले, "टेप खाली सोडता, ते ठीक.
वर कधी धरता?"
मी नोटीस फाडून दिली. सात दिवस.
खड्डा उपसा, कड उचला,
छपराचं पाणी खड्ड्यात जाऊ देऊ नका.
त्यांची सून नीलव्वा पेंडीच्या पोत्यावर बसून
ती दोनदा वाचून म्हणाली,
उपसायला टँकर, टँकर रिता करायला शेत,
शेतात चाक जायला चार दिवस ऊन.
आणि मग उठून चहा टाकायला गेली.
चहा मी घेतला. घ्यायचा नसतो.

सहाव्या रात्री मोबाइलवर धरणाचा आकडा आला,
तासाभरात दुसरा, पहिल्याच्या दुप्पट.
बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर
बाल्कनीत मुलाची वाळूची बादली राहिली होती.
दीड तासात चार बोटं.
वीजबिलाच्या पाठीवर मी गणित मांडलं :
छप्पर साठ बाय एकशे चाळीस,
त्यावर चार बोटं पाणी,
ते सगळं एका खड्ड्यात उतरलं तर.
पन्हळ लावली असेल तर अकरा इंच पुरतात.
नसेल तर नाही.
नवरा म्हणाला, झोप, म्हशी तुझ्या नाहीत.

सकाळी गाडी रेल्वे फाटकापाशी ठेवून चालत गेले.
पन्हळ लावलेली होती.
अर्धे कापलेले पाइप, तारेनं बांधलेले, सरळ ओळीत.
कडेवर विटांचे पाच थर, सिमेंट अजून ओलसर.
सातातले सहा दिवस, काम पुरं.

पाणी वरून आलंच नव्हतं.
मागची भिंत पाडून नदी आत आली होती,
निळी रेषा ओलांडून, जी नकाशात
गोठ्याच्या दोनशे फूट अलीकडे थांबते.
खड्ड्यातलं सगळं घेऊन गेली
आणि जाताना आमचं ठेवून गेली :
गव्हाणीत शॅम्पूच्या पुड्या, डायपर,
मखराच्या थर्माकोलची अर्धी कमान,
आणि एक वास, तो शेणाचा नव्हता.
शेणाचा वास मला आता ओळखू येतो.
मी बाटलीत नमुना घेतला.
प्रयोगशाळा सांगेल जंतू किती,
कोणाचे ते सांगणार नाही.

म्हशी वरच्या रस्त्यावर होत्या, डिव्हायडरला बांधलेल्या,
हॉर्न वाजवणाऱ्यांकडे बघत रवंथ करत.
धारा पाचलाच काढल्या होत्या.
दूध शहरात गेलंही होतं.

मी मोजल्या, एक्याऐंशी.
घट्टे बाजूला रेडकांपाशी उभे होते
आणि मोठ्यानं मोजत होते, बोट लावून,
सगळ्यांच्या देखत,
सोळा, सतरा,
मग परत पहिल्यापासून.
नीलव्वा त्यांच्याकडे बघत नव्हती.
सतरा.

मी "अंदाजे" खोडलं.

मग आत जाऊन भिंतीवरच्या चिखलाच्या खुणेला टेप लावला,
नव्या कडेपासून वर,
सत्तावीस.
चार वजा, तेवीस.
शेऱ्याच्या रकान्यात एवढीच जागा असते.
मी लिहिलं :
कड नियमाप्रमाणे.
पाणी कडेच्या वर, तेवीस इंच.
आणि कोणत्या वर्षातला पाऊस, हे विचारणारा
रकाना फॉर्मवर शोधत
तिथेच उभी राहिले, शेणात, घोट्यापर्यंत.