कर्ण

कॉलेज रोडच्या दुकानातला निकुंभांचा पोरगा
आमची भिंत न बघताच म्हणाला,
काका, पंच्याहत्तर घ्या.
लहान घेतला म्हणून लोक हळहळतात,
मोठा घेतला म्हणून रडत कोणी येत नाही.

मी एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात, तपासणीला.
छपाई अर्धा मिलिमीटर सरकली
तर डोळ्याआधी अंगठ्याला कळायचं.
मला अंदाजाने माप सांगू नये कोणी.

जेलरोडची आमची खोली दहा बाय तेरा.
सोफा ते भिंत साडेआठ फूट,
मधे टीपॉय, त्यावर वसुमतीच्या डोळ्यांचे थेंब.
टीव्हीचा मोजतात तो कर्ण,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, तिरका.
म्हणून आकडा फुगतो,
भिंत आहे तेवढीच राहते.

रद्दी चिकटवून चौकटी केल्या, एकीभोवती एक:
पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर.
खैरनार डोकावले. रंग काढताय का?
नाही म्हटलं, सिनेमा.

तिच्या नजरेत मधोमध डाग आहे, दोन वर्षं झाली.
डॉक्टर त्याला लांबलचक नाव देतात.
ती पिंपळगावची, बागाईतदाराची लेक,
म्हणते, भुरी पडलीय.
कडेचं सगळं दिसतं तिला:
पंख्याची पाती, कॅलेंडरचा खिळा, माझा कान.
चेहरा नाही.

म्हटलं, मधल्या फुलीकडे बघ, भुरी कुठे संपते सांग.
ती हात उचलून सांगायची,
इकडे, अजून, हां, बस.
मी पेन्सिलने खुणा करत गेलो.
साडेआठ फुटांवरून डाग पावणेदोन फूट रुंद.
सहावरून सव्वा.
खुर्ची चारवर ओढली तर जेमतेम दहा इंच.

निकुंभांच्या तक्त्यात हे गणित नव्हतं.
तो सांगत होता, मोठा घ्या आणि मागे बसा.

पासष्टात चेहरा मावेल का गं भुरीबाहेर?
कपाळ आणि हनुवटी मिळेल, ती म्हणाली,
मधलं मी ऐकून भरते.
कर्ण म्हणजे कानसुद्धा,
हे सातवीत पाठ केलं होतं.

टीव्ही मंगळवारी येणार होता.
सोमवारी रात्री ती कागदांसमोरच बसून राहिली.
मी भांडी आवरत मधून गेलो
तर म्हणाली, अहो, सरका ना, मधे येताय.

आता सोफा खोलीच्या पार मध्यात,
चहा घेऊन आडवं होऊन जावं लागतं.
इतक्या जवळून मला चित्र दिसत नाही,
ठिपके दिसतात, लाल हिरवे निळे,
एक खालच्या कोपऱ्यात मेलेला.
हे तिला सांगितलेलं नाही.

मध्यंतरात ती माझ्याकडे वळते.
मला बघायचं असलं
की ती दाराच्या कडीकडे बघते.